डावा कोपरा

वेणी घालताना कळलं पहिल्यांदा.
हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला,
मधल्याच फाट्यावर एसटी बंद पडावी तसा.
आईनं कंगवा काढून घेतला, बोलली काही नाही.
सव्वीस वर्षांच्या पोरीची वेणी तिनं
शाळेच्या दिवसांसारखी करकचून घातली.

त्याच्या आदल्या रविवारी पेठच्या उंच पोरीचा
घोटा धरला होता मी, सोडला नव्हता.
ती मध्यरेषेकडे झेपावली,
मी तिच्यासोबत गेले, खांदा मागं राहिला.
गुण मिळाला. टाळ्या पडल्या.
ओल्या पोत्याची शिवण उसवावी
तसं काहीतरी आत वाजलं,
ते एकटीलाच ऐकू आलं.

पोत्यांचं मला कळतं.
मार्केट यार्डात मगदूम शेठच्या अडतीवर
हळदीची वजनं लिहिते मी, उजव्या हातानं,
म्हणून चालून जातंय.
संध्याकाळी नखांतून, केसांतून हळद निघते
आणि भेटेल तो सांगतो, हळद लाव.

नलवडे सर म्हणतात, बर्फ.
कवलापूरचे तातोबा म्हणतात, शीर चढलीय,
एक हिसका दिला की उतरंल.
मेडिकलवाला मी दिसले की
न विचारता पाकीट काढून ठेवतो.

डॉक्टर असं कुणी म्हणत नाही.
डॉक्टर म्हणजे मिरज,
आणि आमच्यात कुणाला मिरजेला नेलं म्हटलं की
घरात उरलेले आवाज खाली करून बोलतात.
थोरल्या चुलत्याला नेलं होतं, म्हैस विकून.
खांद्यासाठी कुणी जातं का मिरजेला?

खरं सांगायचं तर पैसा निमित्त आहे.
दाखवलं नाही तोवर हे दुखणं आहे,
घरचं आहे, दटावलं तर गप्प बसतं.
दाखवलं की कागदावर त्याला नाव लागेल,
आणि नाव लागलेलं दुखणं
निवड चाचणीच्या टेबलापाशी
माझ्या आधी जाऊन उभं राहील.
बावीस दिवस उरलेत.
डॉक्टर सहा आठवडे म्हणणार.
वहीच्या मागच्या पानावर, वजनांच्या खाली,
हे गणित मी रोज मांडते
आणि त्यात रोज चूक शोधते.

परवा सरावाला उशिरा पोचले.
मॅटवर बारक्या पोरी होत्या, आठवी-नववीच्या.
रुहीना मुल्ला डाव्या कोपऱ्यात.
गुडघे वाकलेले, नजर समोरच्या घोट्यावर,
सगळं जिथल्या तिथं,
फक्त डावा हात पोटाशी आवळलेला,
कोपर बरगडीला चिकटवून.
रुहीना, लागलंय का गं?
नाही ताई, म्हणाली,
तुम्ही उभ्या राहता तसंच उभी राहतीय.

घरी येऊन कपाटाच्या आरशापुढं
कोपऱ्यात उभी राहते तशी राहिले.
खरंच की.
कधीपासून?

मोठा निर्णय वगैरे असं काही झालं नाही मग.
शेठना म्हटलं, उद्या अर्धा दिवस पाहिजे.
कुठं?
मिरज म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.
घरात कोण आजारी?
म्हटलं, कोण नाही, मीच.
तू? म्हणाले, आणि मला नीट बघितलं,
पोतं फाटलंय का बघतात तसं.

आता बसमध्ये उभी आहे.
उजव्या हातानं वरची दांडी धरलीय
म्हणून पैसे काढायला डावाच हात उरला.
तो पर्सपर्यंत पोचेस्तोवर
विजयनगर मागं पडलं.
कंडक्टर थांबून राहिला, घाई केली नाही त्यानं.
एक मिरज, म्हटलं. जाऊन येऊन.
जाऊन येऊन मिळत नाही, ताई, म्हणाला,
जायचंच मिळतं.